दहा गोळ्यांचं पाकीट

आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक निळा पत्र्याचा डबा होता. कधीकाळी त्यात बिस्किटं होती. आम्ही बेस्ट या डच गावात राहायला आल्यापासून त्यात गोळ्या असायच्या. नेदरलँड्समधल्या बहुतेक मराठी घरांत असा डबा असतो, आणि आमच्याकडे नाही म्हणणाऱ्यांकडे दोन असतात. इथला हाउसआर्ट्स, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, कशालाही पॅरासिटामॉल सांगतो. ताप आला, पॅरासिटामॉल. कान ठणकतोय, पॅरासिटामॉल आणि आठवडाभर वाट बघा. मग पुण्याहून परत येताना भाजणीच्या पिशवीशेजारी अँटिबायोटिकची चार पाकिटंही बॅगेत जातात. कोपऱ्यावरचा केमिस्ट देतो, चिठ्ठी मागत नाही.

यात मला तरी काही वावगं वाटायला हवं होतं. मी फार्मसीची पदवीधर आहे. लग्नानंतर डिपेंडंट म्हणून इथे आले, सहा वर्षं घरी बसले, डच शिकले, माझी पदवी इथे चालत नाही म्हटल्यावर नाक मुठीत धरून पुन्हा असिस्टंटचा अभ्यासक्रम केला आणि शेवटी एका हॉस्पिटलच्या औषध विभागात लागले. एका वर्षाचा करार. काम असं: नवीन पेशंट दाखल झाला की त्याला किंवा घरच्यांना फोन करायचा आणि घरी कोणकोणती औषधं चालू आहेत ते विचारून कॉम्प्युटरवर भरायचं. प्रश्न ठरलेले. त्यातला एक असा होता: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय किंवा परदेशातून आणलेलं काही घेता का? जेवणाच्या सुट्टीत सहकारी बायका या प्रश्नाची उत्तरं एकमेकींना सांगून हसायच्या. कोण कुठल्या देशातून सुटकेस भरून अँटिबायोटिक आणतो, याच्या गोष्टी. मीही हसायचे. सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचे बहुधा.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी आई माझ्याकडे तीन महिन्यांसाठी आली आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकली. चिंचवडला तिने चाळीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवले होते. हातात घेतलेलं काम पुरं केल्याशिवाय ती पाणीसुद्धा प्यायची नाही. शेवटचा हूक लागल्याशिवाय ब्लाउज मशीनवरून उठून पिशवीत गेला, असं कधी झालं नाही. इथे येऊन तिने पहिल्या महिन्यात माझ्या घरातले सगळे पडदे उसवून पुन्हा शिवले, कारण त्यांची दुमड तिला बघवत नव्हती. कंटाळली की मला म्हणायची, "तुमच्या या गावात माणसं आहेत का गं, का नुसत्या सायकलीच?"

एप्रिलमध्ये ती मागच्या अंगणातल्या ओल्या फरशीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्सच्या दारापर्यंतच मला जाता आलं. भेटायला कुणालाच परवानगी नव्हती. ती माझ्याच हॉस्पिटलात होती, माझ्या टेबलापासून दोन मजले वर, आणि मी तिला फोनवर बघत होते. ऑपरेशन नीट झालं. नंतर छातीत कफ झाला म्हणून तिला अँटिबायोटिक सुरू केलं, आणि आठव्या दिवशी जुलाब सुरू झाले. दिवसातून दहा-बारा वेळा. तिला वेगळ्या खोलीत हलवलं. पिवळे गाऊन घालून नर्स यायला लागल्या, तेव्हा आपल्याला कोरोना झालाय आणि मुलगी लपवतेय, असंच तिला वाटलं.

कोरोना नव्हता. क्लॉस्ट्रिडियम होता. बहुतेकदा हॉस्पिटलातच लागणारा आतड्याचा आजार. अँटिबायोटिकने पोटातले आपले नेहमीचे जंतू मरतात आणि त्या मोकळ्या जागेत हा पठ्ठ्या हातपाय पसरतो. माझ्या कामात तो शब्द रोज यायचा, पण स्वतःच्या आईच्या नावापुढे मी तो तीनदा वाचला. उपचारांचे नियम ठरलेले असतात, त्याला इथे रिख्तलाइन म्हणतात. आधीचं अँटिबायोटिक शक्य असेल तर ताबडतोब बंद. व्हँकोमायसिन तोंडावाटे, दिवसातून चार वेळा, दहा दिवस. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या द्यायच्या नाहीत. हात साबणाने आणि पाण्याने धुवायचे, कारण जेलने हे जंतू मरत नाहीत. सगळं जग जेलच्या बाटल्या घेऊन फिरत होतं तेव्हा मी नळाखाली हात चोळत उभी असायचे.

दहा दिवसांत आई बरी झाली. वॉकर घेऊन घरी आली. डॉक्टरांनी दिलेला कागद मी मराठीत उतरवून फ्रिजवर चिकटवला. संडास वेगळा, रोज क्लोरीनने पुसायचा. चादरी साठ अंशांवर धुवायच्या. आणि सगळ्यांत खाली, लाल शाईत: आम्हाला विचारल्याशिवाय कोणतंही अँटिबायोटिक घेऊ नका. मी तो कागद इतक्या निष्ठेने पाळला की नवरा म्हणाला, "तू आता आम्हालासुद्धा साठ अंशांवर धुवून काढशील." मला राग आला. नियम पाळणाऱ्या माणसांची लोक थट्टा करतात आणि मग अंगाशी आलं की त्यांच्याकडेच धावत येतात, असलं काहीतरी मी त्याला सुनावलं. मला स्वतःचा फार अभिमान होता त्या दिवसांत.

आठ दिवसांनी एका शुक्रवारी दुपारी आई म्हणाली, "लघवीला जळजळ होतेय गं. कालपासून."

मी हाउसआर्ट्सकडे फोन केला. असिस्टंटने सगळं विचारलं. ताप नाही ना? नाही. मग भरपूर पाणी प्यायला द्या, लघवी तपासायला आणून द्या, नुकतंच क्लॉस्ट्रिडियम होऊन गेलंय म्हणून डॉक्टर अँटिबायोटिक उगाच देणार नाहीत, सोमवारी बोलू. तिचं बरोबर होतं. अक्षर न् अक्षर बरोबर. मी तिच्या जागी असते तर मीही हेच सांगितलं असतं.

पण मी तिच्या जागी नव्हते. मी आईच्या बाथरूमच्या दाराबाहेर उभी होते आणि आत ती कण्हत होती. माझी आई कण्हणारी बाई नाही. शिवणयंत्राची सुई बोटातून आरपार गेली तेव्हा तिने आधी ब्लाउजला डाग पडला का ते बघितलं होतं. सोमवारपर्यंत तीन दिवस हे ऐकायचं, या विचाराने मी चिडले. त्या असिस्टंटवर चिडले, या देशावर चिडले, पाणी प्या, पाणी प्या म्हणणाऱ्या सगळ्यांवर चिडले. आणि खुर्ची घेऊन फळीवरचा निळा डबा काढला.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन. दहा गोळ्यांचं पाकीट. क्लॉस्ट्रिडियम परत यायला जी अँटिबायोटिकं सगळ्यांत जास्त कारणीभूत होतात, त्यांत हे वरच्या रांगेत आहे. हे मला माहीत होतं. परीक्षेत मी ते लिहिलं होतं आणि त्याचे गुणही मिळवले होते. मी स्वतःला समजावलं की पाचच दिवसांचा तर प्रश्न आहे.

"सकाळी एक, संध्याकाळी एक," मी आईला म्हटलं. "आणि बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही. कोर्स पूर्ण करायचा."

"मी कधी काही अर्धवट सोडलंय का?" ती म्हणाली, आणि पाकीट तिच्या बटव्यात टाकलं. ब्लाउजपिसांच्या तुकड्यांचा तो बटवा तिने स्वतः शिवलेला होता आणि तो रात्रंदिवस तिच्या कमरेला असायचा.

शनिवारी संध्याकाळपर्यंत तीन गोळ्या झाल्या. जळजळ थांबली. माझा जीव भांड्यात पडला. रविवारी सकाळी आईने चहाचा कप खाली ठेवला आणि वॉकर ओढत घाईने निघाली, आणि तो वास आला. तो वास एकदा ओळखीचा झाला की विसरता येत नाही. दुपारपर्यंत आठ वेळा. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तिचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता.

सोमवारी सकाळी माझा फोन वाजला. आमच्याच विभागातली, माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी. तिच्यासमोर माझ्या आईचं नाव आलं होतं.

"प्रश्न तुला पाठच आहेत," ती हळुवारपणे म्हणाली. "मी फक्त टिक करत जाते. चिठ्ठीशिवाय किंवा परदेशातून आणलेलं काही?"

जूनमध्ये माझा करार संपत होता. पुढे ठेवायचं की नाही, ते याच महिन्यात ठरणार होतं. मला जेवणाच्या टेबलावरचं ते हसणं ऐकू आलं. या वेळी गोष्ट माझी असणार होती: फार्मसी शिकलेली, इथे काम करणारी, आणि स्वतःच्या आईला. वाक्य पूर्णसुद्धा झालं नाही डोक्यात. मी म्हटलं, "नाही."

खोटं असं एकदा बोलून सुटका होत नाही. त्याच दुपारी वॉर्डातून व्हिडिओ कॉल आला. नर्सने हातात टॅब्लेट धरला होता, पलंगावर आई, बाजूला मास्क आणि तोंडापुढे प्लॅस्टिकचा पडदा लावलेले डॉक्टर. आईला डच येत नाही, त्यामुळे दुभाषी मीच.

डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, पण त्यांना घाई नव्हती. ते म्हणाले, "उपचार पूर्ण झाल्यावर इतक्या लवकर परत का आला, ते मला समजून घ्यायचंय. तुमच्या आईलाच विचारा. घरी गेल्यापासून त्यांनी कुठलं अँटिबायोटिक घेतलं का? कधीकधी लोक घरच्यांना न सांगता घेतात."

मी आईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आई, डॉक्टर विचारताहेत, झोप नीट लागते का?"

अँटिबायोटिक हा शब्द डच बोलतानाही जवळजवळ तसाच ऐकू येतो. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघून त्यांना खरं काय हवंय ते ओळखणाऱ्या बाईला मी काय फसवणार होते? तिच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं. मग तिने डॉक्टरांकडे बघून मान डोलावली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "हो, लागते की. त्यांना सांग, काही काळजी करू नका. आणि तूही करू नकोस. तू सांगितलंस तसं सगळं वेळच्या वेळी चाललंय माझं."

"नाही म्हणते," मी डॉक्टरांना सांगितलं. "काही घेतलं नाही."

"नुसतं ‘नाही’ म्हणायला एवढं सगळं?" डॉक्टर म्हणाले. मास्कच्या वर त्यांचे डोळे हसले.

"आम्ही जरा जास्त बोलतो," मी म्हटलं, आणि मीही हसले.

त्यांनी पुन्हा उपचार सुरू केले. या वेळी दुसरं, महागडं औषध. रिख्तलाइनप्रमाणे परत आलेल्या आजाराला जे द्यायचं तेच. ते औषध आमच्याच विभागातून वर जायचं. एकदा तर तिच्या नावाचं लेबल माझ्याच प्रिंटरमधून निघालं. मी ते दोनदा तपासून पाहिलं. नाव बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर. सगळं नियमाप्रमाणे होत होतं आणि आई खाली खाली जात होती. जुलाब थांबेनात. मग एका दिवशी थांबले, तेव्हा मला आनंद झाला. पण ते थांबले कारण आतडं सुजून ठप्प झालं होतं. पोट फुगलं. सर्जन येऊन बघून गेले. एवढी मोठी शस्त्रक्रिया तिला झेपणार नाही, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. त्यांनी ते इतक्या साध्या शब्दांत सांगितलं की न समजल्याचं नाटकही करता आलं नाही.

माणूस जाणार असं ठरलं की एका नातेवाइकाला आत सोडायचे. मी दोन जिने चढून गेले. पिवळा गाऊन, मास्क, हातमोजे. ती बेशुद्ध होती. तिच्या बोटांवर सुया टोचून टोचून झालेले घट्टे होते, ते मला हातमोज्यातून जाणवत नव्हते. मी तिला सांगायचं ठरवलं होतं की आई, माझं चुकलं. पण खोलीत नर्स होती, आणि तिला मराठी कळत नसतानाही मला ते मोठ्याने बोलता आलं नाही. इतकी मी घाबरट. दुपारी तीनच्या सुमाराला आई गेली. बाहेर पडताना मी साबणाने हात धुतले, मनगटापर्यंत, नीट वेळ लावून. तेही नियमातच होतं.

भारतातून कुणी येऊ शकत नव्हतं. मोजक्या माणसांत, खुर्च्यांमध्ये अंतर ठेवून, तिला निरोप दिला. नवऱ्याने तुळशीचं पान कुठून मिळवलं ते मला अजून माहीत नाही. माझ्या मुलीने मला डचमध्ये विचारलं की आजीचे पडदे आता बदलायचे का. मी नाही म्हटलं.

चार दिवसांनी हॉस्पिटलने तिचं सामान प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत दिलं. सोबत सूचना होती: कापडी वस्तू साठ अंशांवर धुवा. मी एकेक वस्तू काढून मशीनमध्ये टाकत होते. दोन गाऊन. स्वेटर. मग बटवा. धुण्याआधी आतलं काढावं म्हणून उलटा केला, तर फरशीवर खडीसाखरेचा खडा पडला, सेफ्टी पिना पडल्या, लाल दोऱ्याचं रीळ पडलं आणि ते पाकीट पडलं.

घरी तीन गोळ्या झाल्या होत्या. सात शिल्लक हव्या होत्या.

मी ते उजेडात धरलं. दहाच्या दहा खळगे रिकामे होते. ती त्या पलंगावर, डॉक्टरांच्या औषधाबरोबर, कमरेच्या बटव्यातून सकाळी एक आणि संध्याकाळी एक काढून घेत होती. कुणी तिला बंद कर म्हणून सांगितलंच नव्हतं. सांगायचं ज्यांनी, त्यांना मी कळू दिलं नव्हतं. आणि मी तिच्या देखत खोटं बोलले म्हटल्यावर, हे लपवून करायचंय एवढंच ती समजली, आणि तिने ते लपवून पूर्ण केलं.

मी सगळं मशीनमध्ये टाकून ते सुरू केलं आणि त्याला टेकून खाली बसले. मशीन फिरायचं थांबलं, तेव्हा माझी मुलगी दार वाजवत होती.

त्या सात गोळ्यांनी ती गेली का? मला खात्रीने सांगता येत नाही, आणि कुणालाच येणार नाही. वय, ऑपरेशन, आधीचा आजार. सगळंच विरुद्ध होतं. पण डॉक्टरांना कळलं असतं तर त्या पहिल्याच दिवशी बंद झाल्या असत्या, एवढं मात्र नक्की. रिख्तलाइनमधली ती पहिलीच ओळ आहे. मला ती झोपेतही म्हणता येते.

जूनमध्ये माझा करार कायमचा झाला. कामात अत्यंत काटेकोर, असं वरिष्ठ म्हणाल्या. सहकारी बायकांनी आईच्या दुःखाचा विचार करून केक छोटाच आणला. मी तो खाल्ला. नवऱ्याला मी काही सांगितलं नव्हतं. निळा डबा मात्र मी रिकामा केला आणि त्यातल्या गोळ्या काचेच्या कचऱ्यासारख्या जपून औषधांच्या दुकानात नेऊन दिल्या. औषधं फेकायची इथली पद्धत तशी आहे.

पुढच्या हिवाळ्यात एक सकाळ अशी आली की स्क्रीनवर आडनाव आपल्याकडचं होतं. सत्तरीचे गृहस्थ, मुलीकडे राहायला आलेले, जुलाब आणि ताप म्हणून दाखल. तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका हॉस्पिटलात राहून गेलेले. मी त्यांच्या मुलीला फोन लावला. ती डचमध्ये अडखळत होती, म्हणून मराठीत विचारलं. तिला किती बरं वाटलं ते आवाजात कळलं. तिने रक्तदाबाची गोळी सांगितली, साखरेची सांगितली. मग मी तो प्रश्न विचारला. चिठ्ठीशिवाय किंवा भारतातून आणलेलं काही?

"नाही," ती म्हणाली.

तो नकार माझ्या ओळखीचा होता. प्रश्न संपायच्या आधी आलेला, थोडा जास्तच चटकन. मला पुढच्या प्रश्नावर जाता आलं असतं. टिक करायची, पुढे जायचं. शेजारच्या टेबलावर सहकारी बसली होती. तिला मराठी कळत नव्हतं, पण त्या दिवशी कळत असतं तरी चाललं असतं.

"ताई," मी म्हटलं, "मलाही हाच प्रश्न विचारला होता. इथूनच. मीही नाहीच म्हणाले होते. मी आईला डब्यातली गोळी दिली होती. डॉक्टरांनी तिला विचारलं, तर मी प्रश्नच बदलून सांगितला. ती शेवटपर्यंत त्या गोळ्या घेत राहिली, आणि गेली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, आणि तिचा बारीक झालेला आवाज.

"एक मिनिट थांबाल का? डबा वर आहे. काढते."